परसातल्या तळ्याच्या पाण्यावर करड्या बारीक किड्यांचा थर: हे काय आहे आणि काय करावं?

ओलीमाती:
तळ्याची माहिती आधी देतो. लांबी २.५ मीटर, रुंदी १.८ मीटर, सरासरी खोली ५० सेंमी, म्हणजे साधारण २,२५० लिटर पाणी. खाली रबरी लायनर. ६ गोल्डफिश आणि बरेच गप्पी आहेत. वॉटर लिलीच्या दोन कुंड्या, एका कोपऱ्यात पिस्टिया (पाण्यावर तरंगणारी वनस्पती), काठाला थोडं पाणकणीस. ताशी २,००० लिटरचा पंप तळाशी ठेवलाय. पाणी फिल्टरच्या डब्यातून परत येतं, पण परतीची नळी पाण्याखाली सोडलेली असल्यामुळे पृष्ठभाग जवळजवळ स्थिर असतो. एका बाजूने झाड वाकलंय, त्याची पानं सतत पडतात.

सकाळी वारा नसताना, विशेषतः झाडाखालच्या कोपऱ्यात, राख भुरभुरल्यासारखा करडा थर दिसतो. वाकून पाहिलं की तो हलतो. फुंकर मारली की पसरतो आणि थोड्या वेळाने पुन्हा गोळा होतो. लिलीच्या पानांवरही बारीक काहीतरी बसलेलं आहे, ते हेच की वेगळं ते कळत नाही. पाण्यावर पातळ तवंगही असतो.

हे डासांचं काही आहे का? माशांना अपाय होईल का? भांड्यांच्या साबणाचे चार थेंब किंवा थोडं रॉकेल टाकायचा सल्ला मिळालाय, तो ऐकावा का?

भिंगातून:
वर्णनावरून करडा थर स्प्रिंगटेल या उडी मारणाऱ्या बारीक, बिनपंखी किड्यांचा वाटतो. पण “पाण्यावरचे बारीक किडे” या नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत. स्प्रिंगटेलला मावा समजून औषध मारलं जातं, आणि डासांची अंडी कचरा समजून तशीच राहतात. म्हणून आधी ओळख पक्की करा, त्याला दहा मिनिटं लागतात.

एक पांढरी बशी घ्या. थर जमलेल्या जागी ती तिरकी बुडवून फक्त वरचं पाणी अलगद आत येऊ द्या. उजेडात ठेवा, दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही भागतं. मग चित्रकलेच्या कोरड्या ब्रशच्या टोकाने एकेकाला मागून हळूच स्पर्श करा.

टुणकन उडून दोन-चार सेंमी लांब पडला तर तो स्प्रिंगटेल. लांबी १ ते २ मिमी, रंग निळसर करडा ते काळपट, पंख नाहीत, पाय आखूड. पोटाखाली टोकाला दुभागलेली शेपटी दुमडून एका आकड्यात अडकवलेली असते. आकडा सुटला की शेपटी पाण्यावर आपटते आणि किडा उडतो. अंगाला पाणी चिकटत नाही, त्यामुळे ढकललं तरी तो बुडत नाही. पोटाखालच्या एका छोट्या नळीने मात्र पाण्याला धरून राहतो. यांचं खाणं म्हणजे कुजणारी पानं, बुरशी, शेवाळ, परागकण, तवंगावरचे जिवाणू. माणसाला चावत नाहीत, झाडांचा रस शोषत नाहीत, माशांना काहीही करत नाहीत. उलट छोटे मासे त्यांना खातात. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर पोड्युरा अ‍ॅक्वाटिका ही जात सर्रास आढळते, इतरत्र तिच्यासारख्या दुसऱ्या जाती असतात. उपाय एकच आहे, त्यामुळे जात ओळखायची गरज नाही.

उडाला नाही, संथ चालला, मागची बाजू फुगीर आणि तिच्यावर दोन बारीक नळ्या दिसल्या तर तो मावा. तो मुळात पानांवरचा, पाण्यावर पडलेला असतो. पानांवर पांढऱ्या कोंड्यासारखं काही दिसलं तर ती त्याचीच टाकलेली कात.

अजिबात हलला नाही, काळपट तपकिरी, ३ ते ६ मिमी लांब, मधे किंचित खोलगट, आणि ढकलल्यावर अख्खा तुकडा सरकला, तर तो क्युलेक्स डासाच्या अंड्यांचा तराफा. एका तराफ्यात १०० ते ३०० अंडी उभी चिकटवलेली असतात. नुकती घातलेली अंडी पांढरी असतात, काही तासांत काळी पडतात. अ‍ॅनोफिलीसची अंडी सुटी तरंगतात आणि नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसत नाहीत. एडिस तर पाण्यावर अंडी घालतच नाही, काठाच्या ओलसर भागावर पाण्याच्या रेषेच्या जरा वर घालतो. म्हणजे पाण्यावर तराफे दिसले नाहीत म्हणून डास नाहीत असं धरू नका.

पारदर्शक, पोकळ, ५ ते १० मिमीच्या सुरळ्या दिसल्या तर त्या न चावणाऱ्या चिलटांच्या कोषांची रिकामी टरफलं. त्यांच्या लाल अळ्या तळाच्या गाळात राहतात (लाल रंग हिमोग्लोबिनमुळे) आणि मासे त्या आवडीने खातात. टरफलं जाळीने काढली की झालं.

संथपाणी:
साबण आणि रॉकेल, दोन्ही टाकू नका.

साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि किडे बुडतात, हे खरं. पण तोच साबण माशांच्या कल्ल्यांवरचा बुळबुळीत संरक्षक थर धुऊन काढतो आणि कल्ल्यांच्या पेशींना इजा करतो. शिवाय पृष्ठताणावर चालणारे भक्षक किडेही बुडतात. आणि तो पाण्यातून काढता येत नाही, पाणीच बदलावं लागतं.

रॉकेल डासांच्या अळ्यांची श्वासनळी बंद करतं म्हणून पूर्वी साचलेल्या डबक्यांवर वापरायचे. तुमच्या तळ्यात वर येऊन खाणारे मासे आहेत, ते थेट त्यांच्या तोंडात जाईल. रबरी लायनर इपीडीएमचं (एक कृत्रिम रबर) असेल तर खनिज तेलाने ते फुगतं आणि सांधे सुटतात. खाद्यतेलाचा थरही हवा आणि पाण्यातली प्राणवायूची देवघेव अडवतो, आणि नंतर कुजतो.

घरातला डास मारायचा फवारा तळ्याच्या आसपासही मारू नका. पायरेथ्रॉइड गटातली औषधं लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेतही माशांना मारू शकतात. कडुनिंबाचं फवारणीचं तेल “नैसर्गिक” असलं तरी पाण्यात मिसळावं म्हणून त्यात साबणासारखा पदार्थ असतो, त्यामुळे तेही तळ्यावर नको.

ओलीमाती:
बशीत घेऊन पाहिलं. करडे किडे सगळे उडतात, म्हणजे स्प्रिंगटेल. लिलीच्या पानांवरचे वेगळे निघाले, हिरवट तपकिरी, संथ, मागे दोन नळ्या. पांढरी कातही आहे आणि दोन पानं पिवळी पडून कडेने वळलीत. पिस्टियाच्या कडेला दोन काळे तराफे सापडले, ते काढून वाळत टाकले. म्हणजे तिन्ही आहेत! सुरुवात कुठून करू? आणि तवंग कशाचा असेल?

पाणवाट:
सुरुवात तवंगापासून. स्प्रिंगटेल हा आजार नाही, खूण आहे. वर कुजकं खाणं साचलंय आणि पाणी हलत नाही, एवढंच तो सांगतो. आज जाळीने सगळे काढलेत आणि तवंग तसाच ठेवलात तर आठवड्यात पुन्हा तेवढेच दिसतील, कारण काठाच्या ओल्या मातीत आणि पाचोळ्यात त्यांची भरपूर प्रजा असते.

तवंग कसला आहे ते काडीने तपासा. काडी ओढल्यावर तो काचेच्या तुकड्यांसारखा फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले तर जिवाणूंचा आहे. इंद्रधनुषी रंग दिसले आणि काडीमागे तो लगेच पुन्हा जुळून आला तर तेल आहे. तेल असेल तर पंप बंद करा, विजेचं कनेक्शन काढा आणि मगच हात पाण्यात घाला. काही बुडीत पंपांच्या मोटारीत तेल भरलेलं असतं, सील गेलं की ते बाहेर येतं. तसं नसेल तर माशांचं तरंगणारं खाद्य हे नेहमीचं कारण, त्यातली चरबी वर पसरते. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाका आणि उरलेलं लगेच काढा.

आता पृष्ठभाग साफ करणं. पहिली सफाई पाणी ओसंडून करा, ती सर्वांत परिणामकारक आहे. तुमच्या तळ्याचा पृष्ठभाग ४.५ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंमी वाढवायला ४५ लिटर पाणी लागेल. काठाची सर्वांत खालची जागा शोधा, किंवा लायनरची कड एका जागी तात्पुरती दोन सेंमी दाबून सांडवा तयार करा, शक्यतो वारा ज्या दिशेला थर ढकलतो त्या बाजूला. समोरच्या बाजूने नळी पृष्ठभागालगत आडवी धरा, म्हणजे पाणी थराला सांडव्याकडे ढकलेल. पातळी काठाला आली की पुढचं १०० लिटर पाणी वाहून जाऊ द्या. तळ्याच्या ५ टक्क्यांहूनही ते कमी आहे, माशांना झटका बसत नाही. सांडव्याखाली बारीक जाळी धरा, गप्पीची पिल्लं वाहून जातात. वाहिलेलं पाणी वाफ्यात सोडा, ओढ्यात किंवा गटारात नाही. पिस्टियाचा एखादा तुकडा किंवा गप्पीचं पिल्लू बाहेरच्या पाण्यात गेलं तर तिथे पसरतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आधी सोडियम थायोसल्फेट घाला. क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर १०० लिटरला १ ग्रॅम पुरतं. पाणी उघड्यावर २४ तास ठेवून साधं क्लोरीन उडतं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तसं उडत नाही. थायोसल्फेट क्लोरामाइनचंही क्लोरीन काढतं, मागे थोडा अमोनिया उरतो. १०० लिटरच्या बदलात तो फिल्टर सहज पचवतो.

त्यानंतर पृष्ठभाग हलता ठेवायचा. सर्वांत सोपा बदल म्हणजे परतीची नळी पाण्याखालून काढून पृष्ठभागाच्या जरा वर आणा आणि तोंड तिरकं करा, म्हणजे पाणी तळ्याच्या कडेने गोल फिरेल. लिलीच्या पानांवर शिंतोडे पडता कामा नयेत, लिलीला ते मानवत नाही. पान सतत ओलं राहिलं तर खराब होतं.

मग स्किमर, म्हणजे पाण्याचा फक्त वरचा थर ओढून घेणारं साधन. तरंगता विकतचा घेतला तरी चालेल आणि घरी केला तरी चालेल. घरी करायचा तर २५ सेंमी व्यासाचा उभा डबा घ्या, त्यात पंप ठेवा आणि डब्याचा काठ पाण्याच्या पातळीच्या अगदी जरा खाली येईल असा बसवा. ताशी २,००० लिटर ओढलं तर या घेराच्या काठावरून सुमारे ५ मिमी जाडीचा पाण्याचा पदर आत वाहतो, आणि हाच पदर थर ओढून घेतो. इथे लोक नेहमी चुकतात. काठ ३-४ सेंमी खाली ठेवला तर डब्यातली पातळी बाहेरच्या पातळीशी जवळपास सारखी राहते, पदर तयारच होत नाही आणि पंप नुसतं खालचं पाणी ओढतो. वरचा थर जागच्या जागी! डब्यातली पातळी काठाच्या खाली उतरलेली दिसली पाहिजे, तरच स्किमर काम करतोय.

डबा तळाला दगडांनी नीट दाबा, रिकामा झाला की तो उचलला जातो. काठ सगळीकडून समतल नसेल तर पाणी फक्त खालच्या बाजूने येईल. ते चालतं, ती बाजू घाणीच्या कोपऱ्याकडे करा. खरी अडचण बाष्पीभवनाची आहे. उन्हाच्या आणि वाऱ्याच्या दिवशी ५ ते १० मिमी पाणी सहज कमी होतं, म्हणजे पक्का बसवलेला काठ एका दिवसात कोरडा पडतो आणि पंप हवा ओढून जळतो. म्हणून एकतर तरंगत्या काठाचा स्किमर घ्या, किंवा फ्लोट व्हॉल्व्हने पातळी आपोआप राखा, किंवा पंपाला फ्लोट स्विच लावा. तिन्हीपैकी काहीच नसेल तर घरी केलेला स्किमर लक्ष असेपर्यंतच चालवा.

रोजच्या किरकोळ तवंगाला मात्र साधा कोरा कागद पुरतो. आडवा पसरून ठेवायचा, पाच सेकंदांनी एका कडेने उचलायचा. थर त्याला चिकटून येतो.

आणि झाडाची पानं. तळ्यावर जाळी ताणा, पाण्यापासून निदान १५ सेंमी वर, नाहीतर ओल्या पानांच्या वजनाने ती पाण्यात झुकते आणि पानं पुन्हा तिथेच कुजतात. काठावरचा पाचोळा हाताने उचला. जाळीने काढलेला स्प्रिंगटेलचा लगदा कंपोस्टमध्ये टाका, तिथे ते फार चांगलं काम करतात.

कुमुदिनी:
लिलीवरचा मावा बहुतेक रोपॅलोसायफम निम्फी असावा, पाणवनस्पतींवर हाच सर्वांत जास्त येतो. थंड प्रदेशात तो हिवाळा प्लम, चेरी, जर्दाळू या गटातल्या झाडांवर अंडीरूपात काढतो आणि उन्हाळ्यात तळ्यावर उतरतो. उबदार हवामानात वर्षभर पाणवनस्पतींवरच राहतो.

लिलीच्या पानाची खालची बाजू पाण्यात असल्यामुळे मावा वरच्या बाजूला आणि कळ्यांच्या देठांवर बसतो. हे आपल्या फायद्याचं, कारण तो धुऊन काढता येतो. आधी पिवळी आणि वळलेली पानं देठाच्या बुडाशी, कंदाजवळ, कापा. अर्धवट देठ सोडला तर तो कुजून तवंगात भर घालतो. मग झारीच्या किंवा नळीच्या मध्यम धारेने पानं धुवा. धार तिरकी, काठाकडून आत. फार जोर लावला तर पानं फाटतात.

त्या दिवशी माशांना खाद्य देऊ नका. पाण्यावर पडलेला मावा गप्पी लगेच टिपतात. माशांचं पोट भरलेलं असेल तर मावा पोहत पोहत पुन्हा पानावर चढतो.

एवढ्याने गेला नाही तर पानं बुडवून ठेवा. बांबूची किंवा प्लॅस्टिक पाइपची एक गोल कडी करा, तिला मोठ्या छिद्रांची जाळी बांधा, पानांवर ठेवून चार बाजूंना दगड लावा. पानं ५-७ सेंमी पाण्याखाली २४ तास राहिली पाहिजेत. मावा पाण्यात राहू शकत नाही, सुटून वर येतो. जाळीची छिद्रं निदान १ सेंमी असू द्या म्हणजे मासे आत-बाहेर करू शकतील, आणि बारीक जाळीत अडकून मरणार नाहीत. २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पानं कुजायला लागतात. फुललेली फुलं बाजूला काढून घ्या.

मावा नराशिवायच जिवंत पिल्लं घालतो आणि ती आठवडा-दहा दिवसांत मोठी होऊन पुन्हा पिल्लं घालतात. म्हणून एकदा धुऊन भागत नाही. दर ५ दिवसांनी, तीन-चार वेळा. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात.

खताच्या गोळ्या देत असाल तर थांबवा. नत्र जास्त झालं की पानं कोवळी आणि रसाळ होतात, मावा तिथेच वाढतो. पुढे द्यायच्या तेव्हा कुंडीच्या मातीत ८-१० सेंमी खोल खुपसा आणि वर माती दाबा. वरवर ठेवली तर खत पाण्यात विरघळून शेवाळ वाढवतं.

पानांवर ढालकिड्यांच्या काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या, खडबडीत अळ्या दिसल्या तर धुण्याच्या आधी त्यांना ब्रशने उचलून काठाच्या झाडावर ठेवा. त्या मावा खातात, आणि धारेत वाहून गेल्या तर नुकसान आपलंच.

निचरा:
डासांबद्दल. ४.५ चौरस मीटरचं, गप्पी असलेलं तळं सहसा डासांचा मोठा कारखाना नसतं. तरीही तराफे सापडले, म्हणजे मासे पोचत नाहीत अशी जागा आहे. ती शोधा. फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडून बघा. लिलीच्या कुंडीचा काठ पाण्याच्या वर आला असेल तर आतलं पाणी वेगळं साचतं. पाणकणसाच्या दाटीत, पिस्टियाच्या मुळांच्या झुपक्यात, लायनरच्या घडीत, आणि तळ्याच्या बाहेर पडलेल्या बादलीत, कुंडीखालच्या ताटलीतही बघा. एडिसची अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, म्हणून ताटल्या नुसत्या उपड्या करून पुरत नाही, काथ्याने किंवा ब्रशने घासा.

उबदार हवेत, २८ ते ३० अंशांना, क्युलेक्सची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, अळी पाच-सात दिवस, कोष एक-दोन दिवस. म्हणजे तराफे काढायचे तर दर दुसऱ्या दिवशी. तराफा काढून काठावर ठेवू नका, पाऊस आला तर तो परत जातो. तुम्ही वाळत टाकलात ते योग्य केलंत.

माशांना न पोचणाऱ्या जागी बीटीआय वापरा. हा बॅसिलस थुरिन्जिएन्सिस इस्रायलेन्सिस नावाचा जिवाणू १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डबक्यात सापडला. अळीने खाल्ला की त्याचे प्रथिनांचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतडं फाटतं. मासे, बेडूक, गोगलगायी, चतुर यांना त्या मात्रेत काही होत नाही. स्प्रिंगटेल आणि मावा यांच्यावरही त्याचा काही उपयोग नाही, म्हणून त्यांच्यासाठी टाकून पैसे घालवू नका.

विकत घेताना नाव पूर्ण वाचा. बागेत अळ्यांवर मारायचं बीटी बहुतेक कुर्स्टाकी प्रकाराचं असतं, ते फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांसाठी आहे, डासांवर चालत नाही. ‘इस्रायलेन्सिस’ हा शब्द पाकिटावर दिसलाच पाहिजे. मात्रा बहुतेक वेळा पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर दिलेली असते, लिटरवर नाही; तुमच्यासाठी ४.५ चौरस मीटर धरा. पावडर किंवा द्रव उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी टाका आणि ७ ते १४ दिवसांनी पुन्हा. तरंगत्या चकत्या महिनाभर पुरतात, पण स्किमर चालू असेल तर चकती त्याच्यातच जाऊन अडकते, तिला दोरा बांधून कोपऱ्यात ठेवा.

टाकल्यावर दोन दिवसांनीही डास उडताना दिसले तर “काम केलं नाही” असं समजू नका. कोष खात नाही, त्यामुळे त्याच्यावर परिणाम होत नाही. पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्याआधी खाणं थांबवते, तीही सुटते. त्या दिवशी जे कोष होते ते निघणारच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बशी बुडवून अळ्या मोजा, तो खरा हिशोब.

पिस्टियाबद्दल वेगळं सांगायला हवं. मॅन्सोनिया डासाची अळी श्वास घ्यायला पाण्यावर येतच नाही. ती आपली श्वासनळी पिस्टियाच्या मुळात खुपसून झाडातली हवा घेते. पाण्यावर काहीच दिसत नाही, बीटीआय तिथवर नीट पोचत नाही, आणि दाट मुळांत मासेही शिरत नाहीत. पिस्टिया ठेवायचाच असेल तर तळ्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा कमी ठेवा, आणि आठवड्यातून एकदा रोपं उचलून मुळं बादलीत जोरात खंगाळा. बादलीतलं पाणी वाफ्यात.

चतुरटाचणी:
वरचं जवळपास सगळं मान्य, फक्त पाणवाट यांच्या स्किमरला थोडी मर्यादा घालावीशी वाटते. पाण्याचा पृष्ठभाग सतत चोवीस तास ओढत राहिलात तर स्प्रिंगटेलबरोबर ते खाणारेही जातात. लांब पायांचे पाण्यावर पळणारे किडे, गिरक्या घेणारे काळे चकचकीत भुंगे, दोन्ही पाण्यावर पडलेले किडे खाऊनच जगतात. करडा थर कमी झाला की स्किमर दिवसातून तीन-चार तास पुरे, शक्यतो सकाळी, कारण वारा पडलेला असताना थर दाट गोळा होतो.

एकच पंप फिल्टरलाही पाणी देत असेल तर मात्र तो बंद करू नका. प्रवाह थांबला की फिल्टरमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि काही तासांत ते मरायला लागतात. मग अमोनिया वाढतो, तो स्प्रिंगटेलपेक्षा कितीतरी वाईट. अशा वेळी स्किमरच्या ओढनळीवर एक व्हॉल्व्ह घाला आणि पाणी तळातून किंवा वरून घ्यायची सोय करा.

पाणकणीस कापू नका. चतुर आणि टाचणीच्या अळ्या, ज्या डासांच्या अळ्या खातात, त्या उभ्या काड्यांवर चढूनच पंख फोडतात. जाळी ताणताना त्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडा.

गप्पी आणखी आणायची गरज नाही. ते स्वतःच वाढतात आणि गोल्डफिश पिल्लं खाऊन संख्या आवरतात. पाणी १५ अंशांच्या खाली जात असेल तर गप्पी टिकत नाहीत, तेव्हा बीटीआयवरच भर द्या.

ओलीमाती:
पाणी ओसंडून पाहिलं, थर बराच गेला. तवंग काडीने फुटला, म्हणजे जिवाणूंचा. लिलीची पानं जाळीखाली दाबलीत. फिल्टरच्या डब्यात झाकणाखाली अळ्या निघाल्या. आता शेवटची अडचण: स्किमरच्या डब्यात गप्पीची पिल्लं ओढली जातायत. जाळी लावली तर अर्ध्या तासात पानांनी बुजते. काय करावं?

पाणवाट:
काठावर जाळी लावू नका, तिथे ती बुजणारच. दोन टप्पे करा. डब्याच्या काठाच्या आत ५-६ मिमी छिद्रांची प्लॅस्टिकची टोपली लटकवा, तिच्यात पानं अडकतील आणि ती उचलून झटकता येईल. टोपलीचा तळ पाण्यात बुडलेला असू द्या, म्हणजे त्यात अडकलेले जीव कोरडे पडणार नाहीत. खाली पंपाभोवती जाड स्पंजचा तुकडा गुंडाळा, इंचाला २० छिद्रांचा. त्यापेक्षा बारीक घेतला तर दोन दिवसांत चोंदतो आणि पंपावर ताण येतो. स्पंजचा पृष्ठभाग मोठा ठेवा, पंपाच्या तोंडाच्या निदान दहा-पंधरा पट, म्हणजे एका जागी ओढ कमी राहते आणि पिल्लू चिकटत नाही, पोहून सुटतं.

डब्यात जमलेली पिल्लं रोज सकाळी बशीने उचलून पाणकणसाच्या बाजूला सोडा. आणि फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला, हवेसाठी जी फट आहे तिला, १ मिमीपेक्षा बारीक नायलॉनची जाळी चिकटवा. डास तिथूनच आत जात होते.